साठवण आणि नेटवर्कमधील शोध: पेटंटच्या अर्जाचा पहिला मसुदा कसा लिहावा

संगणकातील माहितीची साठवण किंवा तिची नेटवर्कवरील ने-आण सुधारणारी एखादी युक्ती सुचली, की बहुतेक जण आधी तिचे फायदे लिहून काढतात: वेग वाढला, खर्च वाचला, वापरणे सोपे झाले. पेटंटच्या अर्जात या वाक्यांचा फारसा उपयोग होत नाही. परीक्षकाला पाहायचे असते ते एवढेच, की या युक्तीमुळे यंत्राच्या आत पूर्वीपेक्षा वेगळे काय घडते. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘जलद’ हा शब्द दर परिच्छेदात होता आणि कोणती क्रिया कमी झाल्यामुळे काम जलद झाले, हे मात्र एकाही परिच्छेदात नव्हते. तो मसुदा मला मुळापासून पुन्हा लिहावा लागला.

हा आग्रह कायद्यातूनच येतो. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३(के) नुसार गणिती पद्धत, व्यवसायपद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम यांना पेटंट मिळत नाही. यातील ‘निव्वळ’ या शब्दावर सगळा भार आहे. फरीद अलानी या अर्जदाराच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले, की प्रोग्रामवर आधारलेला शोध केवळ त्या कारणाने बाद होत नाही. त्याचा काही तांत्रिक परिणाम आहे का, हे तपासले पाहिजे. म्हणजे डिस्कवर होणारे लेखन, मेमरीची झीज, नेटवर्कवर जाणारी पॅकेट (माहितीचे छोटे गठ्ठे), त्यांची टक्कर, त्यांचा विलंब यांपैकी कशात बदल झाला, हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे.

नमुना म्हणून संगणक तारेने जोडणाऱ्या इथरनेटचे पेटंट पाहावे. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील रॉबर्ट मेटकाफ, डेव्हिड बॉग्ज, चार्ल्स थॅकर आणि बटलर लॅम्पसन यांच्या नावावर १९७७ साली मंजूर झालेल्या या अमेरिकी पेटंटचा क्रमांक ४०६३२२० आहे. त्याच्या शीर्षकातच अनेक ठिकाणे जोडणारी संदेशप्रणाली आणि टक्करीची ओळख या दोन गोष्टी येतात. एकाच तारेवर अनेक यंत्रे बोलू लागली, तर संदेश एकमेकांवर आदळणार. म्हणून पाठवणाऱ्याने पाठवतानाच तारेवर लक्ष ठेवायचे, टक्कर दिसताच थांबायचे आणि यदृच्छेने ठरलेल्या काळानंतर पुन्हा प्रयत्न करायचा. अडचण, ती ओळखणारा भाग आणि ओळखल्यानंतरची क्रिया, एवढ्या तीन गोष्टींत शोध उभा राहतो.

एक उदाहरण

समजा, परळच्या हिंदमाता परिसरात पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्याची पातळी मोजणारे एक छोटे उपकरण खांबावर बसवायचे आहे. ते दर मिनिटाला एक नोंद घेते आणि मोबाइल नेटवर्कवरून सर्व्हरकडे पाठवते. मुसळधार पावसात नेटवर्क जाते, वीजही जाते, आणि नोंदींची गरज नेमकी त्याच वेळी सर्वाधिक असते. म्हणून प्रत्येक नोंद उपकरणातील फ्लॅश मेमरीतही, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या मेमरीतही, लिहिली जाते.

आता मेमरीच्या आत पाहू. फ्लॅश मेमरीत लेखन पानापानाने होते आणि पुसणे त्याहून मोठ्या तुकड्यांनी होते. शिवाय एक तुकडा किती वेळा पुसता येईल, यालाही मर्यादा असते. पान ४,०९६ बाइटचे आणि नोंद १६ बाइटची धरली, तर दिवसाच्या १,४४० नोंदींसाठी १,४४० पाने लिहिली जातात. खरी माहिती २३,०४० बाइट, पण मेमरीवर लेखन सुमारे ५९ लाख बाइटचे! त्याऐवजी २५६ नोंदी साध्या, वीज जाताच रिकाम्या होणाऱ्या मेमरीत जमवून एक भरलेले पान लिहिले, तर दिवसाला सहा पानांच्या आत काम भागते. मात्र पान भरायला ४ तास १६ मिनिटे लागतात आणि तेवढ्यात वीज गेली, तर जमलेल्या सगळ्या नोंदी जातात. त्यावर उपाय म्हणून एक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग बसवायचा, जो वीज गेल्यावर एक पान लिहून होईपर्यंत उपकरण जागे ठेवील.

इथपर्यंत आले, की अनेकांना शोध पूर्ण झाल्यासारखा वाटतो. तो झालेला नसतो. नोंदी जमवून एकदम लिहिणे जुने आहे, आणि वीज जाताना कपॅसिटरच्या आधाराने लेखन पूर्ण करणे हेही सर्व्हरच्या डिस्कमध्ये कधीपासूनच चालते. नेटवर्क येईपर्यंत माहिती धरून ठेवण्याची पद्धतही माहितीतली आहे. या तिन्ही गोष्टी नुसत्या शेजारी ठेवल्या, तर त्या क्षेत्रातील कोणालाही सहज सुचेल असे हे आहे, असा आक्षेप येईल आणि तो रास्तच असेल.

नवे काही असलेच, तर ते या गोष्टींच्या सांध्यात शोधावे. कोणत्या नोंदी सर्व्हरला पोहोचल्या याची यादी उपकरणाला ठेवावी लागते आणि ती यादीही त्याच मेमरीत लिहिली जाते, म्हणजे वाचवलेले लेखन दुसऱ्या दाराने परत येते. आपल्या उदाहरणात असे करू, की मेमरीतील पानाचा क्रमांक हाच नेटवर्कवरच्या खेपेचा क्रमांक राहील. सर्व्हर पानाच्या क्रमांकाने पोच देईल आणि ज्या तुकड्यातील सर्व पानांची पोच आली, तो तुकडा पुसण्यास मोकळा होईल. उपकरण मध्येच बंद पडून सुरू झाले, तर मेमरीत उरलेली पाने हीच न पोहोचलेल्यांची यादी समजली जाईल. एखादे पान दोनदा गेले, तर सर्व्हर क्रमांक पाहून ते सोडून देईल. वेगळी यादी नाही, म्हणून तिचे लेखन नाही. हे वाक्य मसुद्याच्या केंद्रस्थानी हवे. बाकीचे सगळे त्याच्या आधारासाठी.

पूर्वीचे शोध धुंडाळताना

हा सांधाही आधी कोणी जोडला नाही ना, हे तपासावे लागते. भारतीय पेटंट कार्यालयाची इनपास ही शोधसुविधा विनामूल्य आहे. परदेशी पेटंटांसाठी एस्पेसनेट पाहावे. नुसते शब्द टाकून शोधल्यास हजारो नोंदी अंगावर येतात, म्हणून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा आधार घ्यावा. साठवणीच्या माध्यमावर लिहिण्या-वाचण्याची व्यवस्था जी०६एफ ३/०६ मध्ये, मेमरी चिप जी११सी मध्ये, माहितीचे प्रेषण एच०४एल मध्ये आणि बिनतारी जाळी एच०४डब्ल्यू मध्ये येतात. आपल्या उदाहरणासाठी जी०६एफ ३/०६ आणि एच०४एल हे दोन वर्ग एकत्र लावून पाहिले, तर ढीग वाचण्याजोगा होतो. जे मिळेल त्याच्या फक्त सारांशावर थांबू नये. दावे म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारी क्रमांकित वाक्ये; त्यांतील पहिला दावा शब्दशः वाचावा आणि आपल्या युक्तीतील कोणता भाग त्यात नाही, ते समासात लिहून ठेवावे. पेटंटांबरोबर शोधनिबंधही पाहावेत, कारण छापून आलेले काहीही आपल्या नावीन्याच्या आड येऊ शकते.

त्यात आपले स्वतःचे लेखनही येते, आणि मुंबईतील अभियांत्रिकीचे विद्यार्थी नेमके इथेच फसतात. महाविद्यालयाच्या महोत्सवात उपकरण मांडले, समोरच्याला सगळे उकलून सांगितले आणि अर्ज नंतर करू म्हटले, की पंचाईत होते. कलम ३१ मध्ये प्रदर्शनासाठी १२ महिन्यांची सवलत आहे खरी, पण ती केंद्र सरकारने त्यासाठी अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती आहे. आधी अर्ज, मग मांडव.

मसुदा आणि दाखल करणे

सर्व तपशील हाताशी नसतील, तर तात्पुरते विवरण, म्हणजे शोधाचे प्राथमिक वर्णन, दाखल करून अर्जाची तारीख राखता येते. त्यासाठी नमुना १ (अर्ज) आणि नमुना २ (विवरण) लागतात. व्यक्ती म्हणून ऑनलाइन अर्ज केल्यास शुल्क १,६०० रुपये आहे. तात्पुरत्या विवरणात दावे नसले तरी चालते, पण सांध्याचे वाक्य आणि त्याची आकृती त्यात नसेल, तर राखलेली तारीख नंतर उपयोगी पडत नाही. आकृत्या दोन काढाव्यात: एकीत उपकरणाचे भाग आणि दुसरीत नोंद येण्यापासून तुकडा पुसण्यापर्यंतचा क्रम. प्रत्येक भागाला क्रमांक द्यावा आणि मजकुरात तोच पाळावा. कागदपत्रे इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावी लागतात. तरीही पहिला खर्डा मराठीत लिहावा असे मी सुचवीन, कारण परक्या भाषेतील भारदस्त शब्दांमागे आपलेच अर्धवट आकलन लपून राहते.

महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. हे कार्यालय अँटॉप हिल येथे बौद्धिक संपदा भवनात आहे, पण ऑनलाइन अर्जासाठी तिथे खेटे घालावे लागत नाहीत. नोकरीत असाल, तर नेमणूकपत्रातील शोधांविषयीचे कलम आधी वाचून घ्यावे. परदेशात आधी अर्ज करायचा विचार असेल, तर कलम ३९ प्रमाणे परवानगी घ्यावी, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे.

अर्जाचा क्रमांक मिळाला, की त्याच दिवशी दोन तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहाव्यात: संपूर्ण विवरण दाखल करण्यासाठी १२ महिने आणि परीक्षणाची विनंती करण्यासाठी ३१ महिने. पहिली चुकली, तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. दुसरी चुकली, तर तो मागे घेतल्याचे धरले जाते. दुसरी तारीख चालू वर्षाच्या दिनदर्शिकेत मावत नाही, म्हणून दर जानेवारीत नवी दिनदर्शिका टांगताना ती जुनीवरून नवीवर उतरवून घ्यावी.