गोष्ट अडते तिथे बांधणी सुरू होते

परीकथा आणि लोककथांमधील पात्रे नेहमी कोणत्या ना कोणत्या पेचात सापडतात. त्या पेचाच्या क्षणी गोष्ट थांबवून ‘आता काय बांधता येईल?’ असे विचारले, की मुले स्वतःहून विचार करू लागतात. गोष्टीतले घर नुसते सजवणे ही हस्तकला झाली. चाचणी, मोजमाप आणि सुधारणा आल्या तरच तिला अभियांत्रिकी म्हणता येते. पुढील उपक्रम साधारणपणे सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहेत.

काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे मेणाचे, ही गोष्ट पाऊस सुरू होताच थांबवावी. काऊच्या घरासाठी चिकणमाती घ्यावी, तर चिऊच्या घरासाठी जाड कागदावर मेणबत्ती घट्ट घासावी. मेण वितळवण्याची गरज नसल्याने ज्योत लागत नाही. बाटलीच्या झाकणाला दहा भोके पाडली की पाऊस तयार होतो. प्रत्येक घरात कोरड्या टिपकागदाचा तुकडा ठेवून ठरावीक उंचीवरून पेलाभर पाणी पाडावे आणि तुकडा किती भिजला ते नोंदवावे. त्यानंतर खरी तुलना करावी: एकाच मापाची दोन कागदी घरे, एक मेण लावलेले आणि एक न लावलेले. कागदाचे तंतू पाणी शोषतात, मेण ते शोषत नाही, हे मुलांना थेंबांकडे पाहूनच कळते. पुढे छप्पर सपाट ठेवून आणि मग उतरते करून पाहावे. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली हे समजत नाही. पाणी बहुधा सांध्यांतून शिरते, पण ते मोठ्यांनी आधी सांगू नये. गळकी जागा स्वतः शोधण्यातच या उपक्रमाचे निम्मे मोल आहे.

‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ मधील म्हातारी भोपळ्यासोबत गडगडते. तिला सरळ बसवून कसे नेता येईल, हा प्रश्न मला सर्वांत आवडतो. पुठ्ठ्याच्या 20 सेंटीमीटर व्यासाच्या दोन चकत्यांच्या मध्यातून एक काडी घालून ती दोन्हीकडे चिकटवावी. चकत्यांच्या मध्ये काडीवर सैल फिरणारा स्ट्रॉचा तुकडा असावा, आणि त्याला काडेपेटीचा पाळणा दोऱ्याने बांधावा, मात्र तो जमिनीला टेकता कामा नये. पाळण्याच्या तळाशी मातीचा गोळा चिकटवला, की गुरुत्वमध्य काडीच्या खाली राहतो आणि चकत्या फिरल्या तरी म्हातारी उलटत नाही. ती उलटलीच, तर स्ट्रॉ अडकतो आहे की वजन कमी पडते आहे, हे मुलांनीच तपासावे. त्यानंतर उताराची फळी थोडी थोडी उंच करत जावी.

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सर्वांना पाठ असल्याने तिथे वेगळी अट घालावी: रुंद पारदर्शक बरणीत पाणी फक्त पाव भागापर्यंत ठेवावे. गोट्या काठापर्यंत भरल्या तरी पाणी काठापर्यंत पोहोचत नाही, कारण गोट्यांमधील पोकळी बरणीच्या सुमारे दोन पंचमांश असते आणि सगळे पाणी तिच्यातच मावते. मग बरणी निम्मी भरून तोच प्रयोग पुन्हा करावा, आणि कावळ्याला किमान किती पाणी लागेल याचा अंदाज गोट्या टाकण्यापूर्वी लिहून ठेवावा.