लेखकाने जीवनानुभवावर व्याख्यान कसे द्यावे

पुस्तक प्रसिद्ध झाले की गोव्यात लेखकाला गावच्या वाचनालयाकडून, हायस्कूलकडून, एखाद्या देवस्थानच्या व्याख्यानमालेकडून बोलावणे येते, आणि ‘आयुष्याने मला काय शिकवले’ या धर्तीचा विषय बहुधा आयोजकच सुचवतात. या विषयाची तयारी स्वतःच्या पुस्तकातील चांगली वाक्ये वेचून होत नाही. आयुष्यात जेथे दोन वाटा खरोखर मोकळ्या होत्या आणि एक धरल्यामुळे दुसरी कायमची सुटली, असा एकच प्रसंग निवडावा. त्यात घरातील इतर माणसे येत असतील, तर त्यांची परवानगी आधी घ्यावी.

प्रसंग सांगताना शिकवण मागे ठेवावी आणि तपशील पुढे आणावा. उदाहरणार्थ, साखवाळचे बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये संसार मागे ठेवून ज्ञानाच्या शोधात गोव्याबाहेर पडले, आणि पुढे काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. ‘ध्येयासाठी त्याग करावा लागतो’ हे वाक्य श्रोत्यांनी शाळेपासून ऐकलेले असते. मात्र परक्या शहरात अन्नछत्राच्या पंगतीत बसून शिकणारा, घरी कुटुंब असलेला तरुण डोळ्यांसमोर उभा राहिला, की त्याने काय मिळवले आणि कोणी त्याची किंमत मोजली, याचा विचार श्रोता स्वतःच करू लागतो. स्वतःच्या बाबतीतही हेच करावे: निर्णयाच्या दिवशी हातात किती पैसे होते, कोण विरोधात होते, कोणाला दुखावले गेले, हे सांगावे. यश सांगण्यास दोन मिनिटे पुरतात.

भाषण लिहून काढावे, पण सभेत वाचू नये. संथ आणि स्पष्ट बोलणारा वक्ता मिनिटाला १०० शब्दांच्या आसपास बोलतो, असे धरले तर ४० मिनिटांसाठी सुमारे ४,००० शब्द लागतात. प्रत्यक्षात दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय आणि शाल-श्रीफळ यांत बराच वेळ जातो, म्हणून ३० मिनिटांचीच तयारी करावी आणि कोणता भाग गाळता येईल, हे आधीच ठरवून ठेवावे. खेड्यातील श्रोत्यांना शेवटची बस गाठायची असते. ज्या मडगावात पोर्तुगीज राजवटीत १८ जून १९४६ रोजी जाहीर सभेत बोलू लागताच डॉ. राममनोहर लोहिया यांना अटक झाली, त्या मडगावात आज कोणीही निर्भयपणे बोलू शकतो; हे स्वातंत्र्य वेळ भरून काढण्यासाठी खर्चू नये, असे मला मनापासून वाटते.

भाषेचा विचार येथे वेगळा करावा लागतो. आपले अनेक श्रोते मराठी वाचतात आणि घरी कोंकणी बोलतात. निवेदन मराठीत ठेवावे, परंतु निघताना आई ‘वच, पूण पत्रां बरय’ (जा, पण पत्रे लिही) असे म्हणाली असेल, तर ते वाक्य तसेच उच्चारावे. त्याचे मराठी करून सांगितले, तर आईचा आवाज हरवतो. लिहिताना शोभणारी लांब वाक्ये बोलण्यासाठी तोडावीत, आणि तालीम घरच्या माणसासमोर मोठ्याने करावी. जेथे श्वास अडतो, तेथे वाक्य बदलावे.

सभेच्या ठिकाणी अर्धा तास आधी जाऊन माईक तपासावा. पावसाळ्यात सभागृहावर पत्रे असतील, तर सर आल्यावर शेवटच्या रांगेपर्यंत काहीच पोहोचत नाही; अशा वेळी आवाज चढवण्यापेक्षा थांबावे आणि सर ओसरल्यावर शेवटचे वाक्य पुन्हा म्हणून पुढे जावे.

प्रश्नांसाठी किमान दहा मिनिटे राखावीत. ‘मीही नोकरी सोडू का?’ असे एखाद्या तरुणाने विचारले, तर व्यासपीठावरून होकार किंवा नकार देऊ नये. त्याच्या घरची परिस्थिती आपल्याला ठाऊक नसते. निर्णय घेण्यापूर्वी आपण कोणाकोणाशी बोललो आणि कोणती गोष्ट विचारायची राहून गेली, एवढे सांगावे, आणि सभा संपल्यावर त्याच्याशी बाजूला बसून बोलावे.