बीटाची चावी मिळाली, आता पहिल्या रात्री काय बघाल?

बीटा म्हणजे ऑनलाइन गेम रिलीज होण्याआधी खेळाडूंना चाचणीसाठी खेळायला देतात तो टप्पा. त्याच्या आमंत्रणाचा मेल आला की आधी त्यातल्या लिंकला हात लावू नका. बीटाच्या नावाखाली अकाउंट चोरणारे मेल दिसायला अगदी खऱ्यासारखे असतात. कंपनीच्या लाँचरमध्ये (गेम उतरवून सुरू करायच्या ॲपमध्ये) स्वतः लॉग-इन करून बघा. आमंत्रण खरं असेल तर गेम तिथे दिसतोच.

मग कसला बीटा आहे ते वाचा. निवडक लोकांसाठीच्या क्लोज्ड बीटात बहुतेक वेळा एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार असतो. मग स्क्रीनशॉट, व्हिडिओ, मित्राला पाठवलेली क्लिप, सगळं बंद. स्ट्रेस टेस्ट म्हणजे दोन-चार तास सर्व्हरवर मुद्दाम गर्दी करायची, तिथे गेम धड चालेल ही अपेक्षाच चुकीची. ओपन बीटा बराचसा जाहिरातीसाठी असतो आणि त्यात सापडलेल्या मोठ्या गोष्टी रिलीजपर्यंत क्वचितच बदलतात. बहुतेक बीटांमध्ये शेवटी वाइप होतो, पात्रं आणि सामान सगळं पुसलं जातं. त्यामुळे पात्राच्या भुवया ठरवण्यात तासभर घालवू नका.

डाउनलोड आदल्या दिवशी उरका. १०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या लाइनवर पूर्ण वेग मिळाला तरी सव्वादोन तास घेतो. वेळेचं गणितही आधी करून ठेवा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळचे १० वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा.

गेम उघडल्यावर आधी सेटिंग्जमध्ये जाऊन फ्रेम रेटला, म्हणजे पडद्यावर सेकंदाला किती चित्रं येतात त्या आकड्याला, मर्यादा घाला, ६० किंवा तुमच्या मॉनिटरचा जो आकडा असेल तो. जुलै २०२१मध्ये ‘न्यू वर्ल्ड’ या गेमच्या क्लोज्ड बीटात काही आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्डं अक्षरशः जळाली. मेन्यूसारख्या साध्या पडद्यावर गेम बेलगाम फ्रेम काढत होता आणि काही कार्डांचं सोल्डरिंगच कच्चं होतं. बहुतेक लोकांना असलं काही होणार नाही, पण मर्यादा घालायला अर्धा मिनिटही लागत नाही.

नवखे सर्वांत जास्त गोंधळतात ते ‘लॅग’ या शब्दात. तक्रारीत नुसतं ‘लॅग आहे’ लिहिलं तर ती वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण त्या एका शब्दाखाली तीन वेगळे आजार येतात. म्हणून फ्रेम रेट आणि पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ), दोन्ही आकडे पडद्याच्या कोपऱ्यात सतत चालू ठेवा. झटका बसताना फ्रेमचा आकडा ६०वरून २०वर आला तर दोष तुमच्या मशीनचा किंवा गेमच्या ग्राफिक्सचा. नव्या भागात पहिल्यांदा शिरताना झटके येतात आणि दुसऱ्या फेरीत येत नाहीत, तर बहुधा शेडर, म्हणजे दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम, तयार होत होते. आकडा ६०वरच आहे, पण लांडगा जागच्या जागी पळतोय आणि मग चार घाव एकदम बसतात, किंवा तुम्ही दहा पावलं पुढे जाऊन परत मागे खेचले जाता, तर दोष नेटवर्कचा. आणि पिंगही ठीक, चॅटही चालू, पण दुकानदारावर क्लिक केल्यावर दहा सेकंद काहीच होत नाही आणि आजूबाजूचे सगळेच तसे उभे आहेत, तर सर्व्हर दमलाय.

पिंगच्या बाबतीत आपली जागा लक्षात ठेवूनच मत बनवा. मुंबई-पुण्याहून सिंगापूरला साधारण ६० ते ९० मिलिसेकंद लागतात, युरोपला १२०-१५०, अमेरिकेला २००च्या पुढेच. २३० पिंगवर शत्रूचा घाव चुकवण्याची उडी उशिरा लागते, म्हणून लढाई भिकार आहे असं म्हणता येत नाही.

लढाई संथ वाटण्याचंही असंच आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये एका कौशल्यानंतर दुसरं वापरायला बहुतेक वेळा दीड सेकंद थांबावं लागतं, ‘फायनल फँटसी १४’मध्ये मुळात अडीच. सुरुवातीच्या लेव्हलला हातात दोन-तीनच बटणं असतात, त्यामुळे ते अडीच सेकंद रिकामे जातात. पुढे मधल्या वेळात वापरायची कौशल्यं मिळतात आणि तोच अवधी पुरेनासा होतो. निदान पहिलं डंजन, म्हणजे गटाने लढायचा बंदिस्त भाग, होईपर्यंत लढाईवर शेरा मारू नका.

दोष वाटतो तो दोष असेलच असंही नाही. २०१९मध्ये ‘वॉरक्राफ्ट क्लासिक’च्या, म्हणजे जुना गेम होता तसाच परत आणला त्याच्या, बीटात इतक्या खोट्या तक्रारी आल्या की ब्लिझार्ड या कंपनीला ‘हे बग नाहीत’ अशी यादीच काढावी लागली. टॉरेन जातीच्या पात्रांचा घाव जरा लांबून लागतो, क्वेस्टची (गेमने दिलेल्या कामगिरीची) ठिकाणं नकाशावर दिसत नाहीत, मारलेले प्राणी परत यायला फार वेळ लागतो, हे सगळं त्या यादीत होतं. जुना गेम तसाच होता, तक्रार करणाऱ्यांची सवय नवी होती.

आता तक्रार कशी लिहायची ते बघा. ‘लांडग्याची क्वेस्ट चालत नाही’ हे वाक्य वाया जातं. त्याऐवजी असं लिहा: ‘बिल्ड नंबर अमुक, सर्व्हर अमुक, भारतीय वेळ २३:१०. दोघांच्या पार्टीत आठ लांडगे मारायची क्वेस्ट घेतली. पार्टीतला दुसरा घोड्यावर बसलेला असताना मी लांडगा मारला. अपेक्षा: दोघांचा आकडा १/८ व्हावा. झालं असं: माझा १/८, त्याचा ०/८. पाच वेळा करून बघितलं, पाचही वेळा तेच. तो घोड्यावरून उतरला की दोघांचाही वाढतो.’ शेवटचं वाक्य सोन्याचं आहे, कारण घोडा हे कारण तुम्ही वेगळं काढून दिलंत. सामान दुप्पट होण्यासारखी पळवाट सापडली तर मात्र ती चॅटवर सांगू नका, थेट कंपनीला कळवा आणि स्वतः वापरू नका. त्यापायी अकाउंट बंद होऊ शकतं.

सर्व्हर पडून परत उठला की लोक वैतागून झोपायला जातात. खरं तर बघण्यासारखं तेव्हाच असतं. बॅगेतलं सामान, अर्धवट क्वेस्ट, लावलेले बफ (तात्पुरती वाढवलेली ताकद), पार्टी, एकेक तपासा. ऑगस्ट १९९७मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’च्या बीटात निर्माते रिचर्ड गॅरियट यांचं लॉर्ड ब्रिटिश हे राजाचं पात्र कुणालाही मारता येऊ नये असं होतं. सर्व्हर कोसळून ते परत आले, पण अभेद्यतेची खूण परत लावायची राहिली. एका खेळाडूने आगीचा मंत्र टाकला आणि राजेसाहेब सगळ्यांदेखत गेले!

हे सगळं पुढे नोकरीसाठी दाखवायचं असेल तर पुणे जवळ आहे. गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्टने तिथला स्टुडिओ २००८मध्ये घेतला आणि तिथे टेस्टिंगचं काम चालत आलंय. क्यूएच्या, म्हणजे टेस्टिंगच्या नोकरीच्या, अर्जासोबत वरच्यासारख्या आठ-दहा नीट लिहिलेल्या तक्रारी जोडा, त्याही ओपन बीटातल्या. एनडीए असलेल्या बीटाचा एक जरी स्क्रीनशॉट त्यात आला, तर ‘गुप्तता पाळता येते का’ हे मुलाखतीत विचारायची वेळच येणार नाही.