जुना रंगीत फोटो लाल पडलाय? गिंपमध्ये लेव्हल्स अशा लावा

आईबाबांच्या लग्नातल्या रंगीत प्रिंटचा स्कॅन लालसर, धुरकट दिसत होता. कॉन्ट्रास्ट वाढवला की लाली भडकायची. गिंप या फोटो सुधारायच्या मोफत सॉफ्टवेअरमधल्या ऑटो लेव्हल्सने (फोटोतला सर्वांत काळा-पांढरा भाग आपोआप ठरवणारं बटण) ढिम्म फरक नाही. जीव मेटाकुटीला आला.

स्कॅनच्या कडेला स्कॅनरच्या झाकणाची पांढरी पट्टी आणि काळी सावली होती, त्यामुळे ऑटोला काळा-पांढरा आधीच पूर्ण मिळत होता. म्हणून आधी क्रॉप करून ती कड कापा. मग कलर्स मेनूतून लेव्हल्स उघडा. चॅनेल ‘व्हॅल्यू’ऐवजी ‘रेड’ करा. डावा त्रिकोण हिस्टोग्रामचा (गडद ते उजळ छटांच्या आलेखाचा) डोंगर सुरू होतो तिथे, उजवा संपतो तिथे आणा. खिडकी बंद न करता ग्रीन, ब्लूलाही तेच. रेडचा डावा त्रिकोण बराच सरकेल, घाबरू नका: अशा प्रिंटमधला निळसर सायन रंग उडालेला असतो. शेवटी ‘व्हॅल्यू’वर येऊन मधला त्रिकोण १.१० पर्यंत. चेहरे हिरवट वाटले तर ग्रीनचा मधला किंचित उजवीकडे.