नेकला एक, ब्रिजला दुसराच: वेगवेगळे पिकअप एका गिटारीत बसवताना

कस्टम गिटार करून घ्यायची ठरली की सगळा वेळ लाकडात जातो. सागवान घ्यायचं की महोगनी, शिसवीचा फिंगरबोर्ड परवडेल का, पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला एखादा जुना, नीट वाळलेला तुकडा मिळेल का, यावर तासन्‌तास चर्चा होते. पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडून ॲम्पकडे पाठवणारे चुंबक-कॉइल, मात्र सगळ्यात शेवटी आणि तेही एकेकटे निवडले जातात, नेकचा (मानेजवळचा) एक डेमो बघितला, ब्रिजचा (घोडीजवळचा) दुसरा बघितला, दोन्ही आवडले, मागवले. मग गिटार तयार होऊन येते, स्विच मधे टाकला, म्हणजे दोन्ही पिकअप एकत्र लावले, की आवाज एकदम पातळ आणि नाकातला, आणि आपण बिचाऱ्या लाकडाला नावं ठेवतो. माझं मत असं की दोन वेगळ्या जातीचे पिकअप घालायचे असतील तर निवड मधल्या पोझिशनपासून करायची. एकेकटा पिकअप कसाही वाजतोच, खरी परीक्षा दोघं एकत्र वाजतात तेव्हा होते.

हे काही नवं खूळ नाहीये. गिब्सनसाठी हमबकर (दोन कॉइलचा, घरघर मारणारा पिकअप) बनवणारे सेथ लव्हर पुढे फेंडरमधे गेले आणि त्यांनी तिथे केलेला हमबकर १९७२ च्या टेलिकास्टर कस्टमच्या नेकला बसला, ब्रिजला मात्र नेहमीचा एका कॉइलचा, म्हणजे सिंगल कॉइलच राहिला. मला विचाराल तर पहिल्यांदा मिक्स करणाऱ्यासाठी अजूनही तीच जोडी सगळ्यात भरवशाची, कारण नेकच्या हमबकरचा जाडपणा आणि ब्रिजचा टोकदारपणा एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. उलट प्रकार म्हणजे एचएसएस, ब्रिजला हमबकर आणि बाकी दोन सिंगल. रॉक पण वाजवायचं आणि लग्नाच्या रिसेप्शनला क्लीन पण वाजवायचं अशा माणसाला तो बरा. पी-९० हा प्रकार १९४६ पासूनचा, सिंगल कॉइलच पण जाडसर आवाजाचा, त्यामुळे हमबकरच्या शेजारी तो स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) सिंगलपेक्षा कमी बिचकतो.

आता आकडे. साधारण स्ट्रॅटचा सिंगल कॉइल ६ किलोओहमच्या (के) आसपास, जुन्या पद्धतीचा हमबकर ८ च्या आसपास, आणि ब्रिजचे हॉट (जास्त वळणांचे, जोरकस) हमबकर १६ पर्यंत जातात. दुकानदार हाच आकडा पॉवर म्हणून सांगतो, पण बारीक तार वापरली तरी ओहम वाढतात, म्हणून त्याच्यावर फार जाऊ नका. इंडक्टन्स दिलेला असेल तर तो बघा, त्यावरून आवाज किती उजळ किती दबलेला याचा जास्त नीट अंदाज येतो. स्ट्रॅटचा सिंगल दोन-अडीच हेन्री, जुन्या पद्धतीचा हमबकर चार-साडेचार आणि हॉट वाला आठच्या घरात असतो.

मधल्या पोझिशनला दोन पिकअप सहसा पॅरलल जोडलेले असतात आणि इथेच लोक फसतात, त्यांना वाटतं हॉट हमबकर दुसऱ्याला गिळून टाकेल. होतं उलटंच. कमी इंपिडन्सचा (विद्युत अडथळ्याचा) सिंगल कॉइल त्या हमबकरला खाली ओढतो, म्हणजे ढोबळ हिशोबात १६ के आणि ६ के एकत्र आले तर हमबकरच्या सिग्नलचा जेमतेम पाव हिस्सा आणि सिंगलचा पाऊण हिस्सा बाहेर येतो. मग लोक म्हणतात की स्विच मधे टाकला की हमबकर गायब होतो. म्हणून सिंगलच्या जोडीला ८ ते १० के मधला हमबकर घ्या. ब्रिजला थोडा जास्त वळणांचा चालतो, उलट हवाच असतो, कारण ब्रिजजवळ तार कमी हलते. त्याउपर डिस्टॉर्शन पाहिजे तर पेडल घ्या ना.

यातही एक गोची आहे. हमबकर कॉइल स्प्लिट करणार, म्हणजे त्याचं एकच कॉइल वाजवणार असाल तर ८ के वाल्याचं एक कॉइल ४ के चं उरतं आणि ते अगदीच पातळ वाजतं, म्हणून स्प्लिट नक्की वापरणार असाल तर १० च्या बाजूला जा किंवा दुसरं कॉइल पूर्ण ग्राउंड न करता मधे २.२ के चा रेझिस्टर टाका, थोडी जाडी शिल्लक राहते.

पॉटचं, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरचं, गणित तसं सोपं. सिंगलला २५० के ची सवय, हमबकरला ५०० के ची. सगळीकडे ५०० टाकले की सिंगल कॉइल कानात टोचतो, सगळीकडे २५० टाकले की हमबकर रजईत गुंडाळल्यासारखा. दोन पिकअपची गिटार असेल तर ५०० के चा पॉट ठेवा आणि सिंगल कॉइलच्या हॉट (सिग्नलच्या वायरी) आणि ग्राउंडमधे ४७० के चा रेझिस्टर लावा, तो पिकअप चालू असताना त्याला साधारण २४२ के दिसतात, काम झालं. एचएसएसला मात्र दोन्ही सिंगलना असा वेगवेगळा रेझिस्टर लावू नका, ते दोघं एकत्र आले की लोड १६० के वर येतो आणि चमक जाते. तिथे एकच रेझिस्टर स्विचच्या रिकाम्या बाजूवरून फिरवायचा. रेझिस्टर, वायर, साधा मल्टिमीटर हे सगळं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतं, पण पॉट घेताना तिथेच मीटर लावून बघा, ५०० के छापलेला पॉट ४२० निघणं यात नवल काही नाही.

आता फेज. दोन कंपन्यांचे पिकअप घेतले की हा प्रश्न येणारच असं धरून चाला. एकेकटे छान वाजतात पण एकत्र केल्यावर बास उडून जातो, म्हणजे एकाचा सिग्नल वर जाताना दुसऱ्याचा खाली जातोय. हे गिटारीत बसवायच्या आधी टेबलावरच तपासता येतं. मीटर २० के ओहमवर लावा, पिकअपच्या हॉट आणि ग्राउंडला टोकं लावा, स्क्रूड्रायव्हर पोलपीसना (तारांखालच्या चुंबकी खिळ्यांना) टेकवा आणि झटकन उचला, आकडा क्षणभर वर किंवा खाली पळतो. दोन्ही पिकअपला तो एकाच दिशेला पळाला पाहिजे. हमबकरला हे एकाच कॉइलवर करा. शिवाय शाळेतली साधी चुंबकसूची प्रत्येक पिकअपवर धरून कुठल्याचं उत्तर, कुठल्याचं दक्षिण वर आहे ते लिहून ठेवा. फेज जुळलेला आहे आणि मॅग्नेट उलटे आहेत तर दोन सिंगल एकत्र वाजताना घरघर कटते, मॅग्नेट सारखे असतील तर आवाज नीट येईल पण घरघर राहील. हाच नियम स्प्लिट केलेल्या हमबकरला लागतो, म्हणजे दोन कॉइलपैकी कुठलं चालू ठेवायचं हे शेजारच्या सिंगलच्या मॅग्नेटकडे बघून ठरवा.

फेज उलटा निघाला तर साध्या स्ट्रॅट पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या, बास. पण टेलिकास्टरच्या नेक पिकअपचं पत्र्याचं झाकण ग्राउंड वायरीला जोडलेलं असतं, ते आधी तोडून त्याला वेगळी वायर द्यावी लागते, नाहीतर झाकणच हॉट होतं आणि हात लागला की बझ. पी-९० ला जुन्या पद्धतीची विणलेली जाळीची वायर असेल तर अदलाबदल करूच नका, खालचे दोन्ही मॅग्नेट उलटवा. स्ट्रॅटचे रॉड मात्र चुकूनही ढकलून काढायला जाऊ नका, बऱ्याच पिकअपमधे तार थेट त्यांच्यावरच गुंडाळलेली असते, तुटली की पिकअप गेला. चार वायरींच्या हमबकरला सगळं सोपं, फक्त रंग कंपनीप्रमाणे बदलतात. सिमोर डंकनला काळी हॉट, पांढरी-लाल एकमेकींना जोडायच्या, हिरवी ग्राउंड. डिमार्झिओला लाल हॉट, काळी-पांढरी जोडायच्या, हिरवी ग्राउंड. एकाचा डायग्राम बघून दुसऱ्याला सोल्डर मारणारे महाभाग रोज सापडतात.

बनवणाऱ्याला ऑर्डर देतानाच दोन गोष्टी सांगून ठेवा. एक, ब्रिजचं स्ट्रिंग स्पेसिंग काय आहे ते विचारा, फेंडर पद्धतीचा ब्रिज असेल तर पोलपीसमधलं अंतर जास्त असलेला हमबकर मागवा, नाहीतर टोकाच्या दोन्ही ई तारा पोलच्या बाहेर लटकतात. आवाजात फार फरक पडतो असं नाही, पण इतके पैसे घालून ते बघत बसायचं म्हणजे त्रासच. दोन, पिकगार्ड असलेली गिटार असेल तर खालचं लाकूड हमबकर-सिंगल-हमबकर असं कोरून घ्या, उद्या मत बदललं तर फक्त पिकगार्ड बदलायचा. आणि २४ फ्रेटची मान घेणार असाल तर नेक पिकअप ब्रिजकडे सरकतो, तो गोल फुगीर आवाज तितका मिळत नाही, त्यामुळे त्या जागेसाठी आधीच जरा गरम सुराचा, अल्निको टू (चुंबकाचा एक प्रकार) वाला पिकअप बघा.

घरघरीबद्दल. आपल्याकडे मेन ५० हर्ट्झची, पेठांतल्या जुन्या वाड्यांत अर्थिंगचा पत्ता नसतो, आणि गणपतीत समोर मंडळाची लाइटिंग डिमरवर नाचायला लागली की सिंगल कॉइल त्यांच्या तालावर बोलतो. कॅव्हिटीला (लाकडातल्या वायरिंगच्या खोबणीला) आणि पिकगार्डच्या मागे कॉपर टेप लावा, सगळे तुकडे एकमेकांना सोल्डरने जोडा आणि ग्राउंडला न्या. ही बझ बरीच कमी होते, कॉइलची स्वतःची हम जात नाही, ती नकोच असेल तर हमकॅन्सलिंग सिंगल घ्या. ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) आणि पॅसिव्ह (साधे) पिकअप एकत्र करायचं मी सहसा नको म्हणतो, ॲक्टिव्हला २५ के चे पॉट लागतात आणि त्यावर पॅसिव्ह पार मरतो. करायचंच असेल तर पॅसिव्हला बफर लावा.

शेवटी उंची, आणि हे फुकटात होतं म्हणूनच बहुतेक कोणी करत नाही. दोन्ही ई तारा शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सिंगल कॉइल जाड तारेखाली २.४, बारीक तारेखाली २ मिमी ठेवून सुरुवात करा. सिंगल फार वर घेऊ नका, त्याचे मॅग्नेट तारेला ओढतात आणि जाड तार वरच्या फ्रेटवर बेसूर वाजते. मग क्लीन ॲम्पवर स्विच मधे टाका आणि पिकअप अर्धा-अर्धा आटा वरखाली करत दोघंही ऐकू येतील तिथे थांबा, त्यानंतरच एकेकटे ऐका.