कर्करुग्णाची वेदना सुसह्य करण्यासाठी संगीताचा वापर

संगीताने कर्करोग बरा होत नाही आणि वेदनाशामक औषधांची जागाही ते घेऊ शकत नाही. मात्र औषधांच्या जोडीला ऐकल्यास वेदना आणि तिच्यासोबत येणारी धास्ती कमी होण्यास त्याची मदत होऊ शकते. मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार वेदनेचे संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूतच काही प्रमाणात रोखले जाऊ शकतात, आणि आपले लक्ष व भावना यांचाही त्यावर प्रभाव पडतो.

आधी रुग्णाला ० (वेदना नाही) ते १० (सर्वाधिक वेदना) या मापावर वेदना किती आहे ते विचारून नोंद करावी. संगीताची निवड मात्र रुग्णानेच करावी. माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची बाब आहे, कारण कुटुंबीयांना शांत वाटणारी रचना त्याच्या मनात एखाद्या दुःखद आठवणीशी जोडलेली असू शकते. तो अस्वस्थ असेल तर एकदम संथ संगीत लावू नये. त्या वेळच्या मनःस्थितीशी जुळणाऱ्या लयीपासून आरंभ करून हळूहळू मिनिटाला ६० ते ८० ठोक्यांच्या लयीकडे यावे. आवाज बेताचा असावा. साधारणपणे २० ते ३० मिनिटे पुरतात, आणि रुग्ण थकला किंवा नको म्हणाला तर तत्काळ थांबावे.

ड्रेसिंग बदलणे किंवा सुई टोचणे यांसारख्या वेळी संगीत थोडे आधीच सुरू करावे. शेवटी वेदनेची पुन्हा नोंद घ्यावी. वेदना नवी, अचानक उद्भवलेली किंवा वाढत जाणारी असेल, तर संगीतावर विसंबून न राहता डॉक्टरांना लगेच कळवावे.