पहिला संवादी लघुपट: दोन दिवसांच्या शूटिंगची तयारी

पुण्यातलं एफटीआयआय असो, कोलकात्याचं सत्यजित राय इन्स्टिट्यूट असो किंवा एखाद्या विद्यापीठाचा मीडिया विभाग, चित्रपट शिकणाऱ्याला कधी ना कधी संवादी, म्हणजे पात्रांच्या बोलण्यावर चालणारा, लघुपट करावा लागतो. दोन-तीन पात्रं, एक घर, दहा मिनिटांची मर्यादा आणि शूटिंगला दोन दिवस, असं साधारण त्याचं स्वरूप. कॅमेरा बहुतेकांना लवकर हाताशी येतो. घोळ होतो तो वेळेत आणि आवाजात. या दोन्हींची सोय शूटिंगच्या आधी लावायची असते.

सुरुवात पटकथेच्या लांबीपासून करा. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक साच्यावर बसलेला आहे, देवनागरीत टाइप केलेल्या पानाला तो लागू पडत नाही. त्यामुळे नटांना बसवून संवाद मोठ्याने वाचायला लावा, उठणं-बसणं, दार उघडणं, चहा ओतणं हे सगळं करायला लावा आणि घड्याळ लावा. मनातल्या मनात वाचलं की वेळ नेहमीच कमी भरतो. मर्यादा दहा मिनिटांची असेल तर हे वाचन साडेआठ मिनिटांत संपलं पाहिजे. उरलेला वेळ शांततेचे क्षण आणि टायटल्स खातात.

मग शॉट डिव्हिजन, म्हणजे प्रसंग कुठल्या कुठल्या शॉटमध्ये घ्यायचा याची आखणी. खोलीचा नकाशा कागदावर काढा: दारं, खिडक्या, फर्निचर, विजेचे पॉइंट. पात्रं कुठे बसतात ते दाखवून त्यांच्यामधून एक रेघ ओढा आणि सगळे कॅमेरे रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. रेघ ओलांडली की समोरासमोर बसलेली माणसं पडद्यावर एकाच दिशेला बघताना दिसतात आणि एडिटिंगमध्ये त्यावर इलाज सापडत नाही. रेघ ओलांडायचीच असेल तर पात्राला चालवा किंवा शॉट चालू असतानाच कॅमेरा पलीकडे न्या.

आता कठोर हिशेब. शिफ्ट १२ तासांची धरली तर सामान लावण्यात आणि पहिल्या लायटिंगमध्ये २ तास जातात, जेवणाला १, आवराआवरीला १. राहिले ८ तास. विद्यार्थ्यांच्या युनिटला एका सेटअपला, म्हणजे कॅमेरा हलवून, लाइट बदलून, दोन-तीन टेक घ्यायला, ३० ते ४० मिनिटं लागतात. दिवसाला १३-१४ सेटअप, दोन दिवसांत २६ ते २८. तुमच्या यादीत ४५ असतील तर कात्री आत्ताच लावा. नाहीतर दुसऱ्या दिवशी रात्री सगळे दमलेले असताना जे शॉट गळतील ते बहुधा शेवटच्या प्रसंगाचे असतील.

शूटिंगचा क्रम कथेप्रमाणे लावू नका. खिडकी ज्यात दिसते ते वाइड शॉट आधी उरका, कारण ऊन सरकतं. त्यानंतर त्याच दिशेचे सगळे क्लोजअप घ्या आणि मगच कॅमेरा उलट बाजूला फिरवा. असं केलं की लायटिंग दोनदाच करावं लागतं.

लोकेशन बघायला जाताना शूटिंगच्याच वेळेला आणि शक्यतो आठवड्याच्या त्याच वारी जा. खोलीच्या मध्यभागी पाच मिनिटं डोळे मिटून उभं राहा. सोसायटीचा पंप, शेजारचा मिक्सर, शाळेची घंटा, कुकरच्या शिट्ट्या, कोपऱ्यावरच्या मंडळाचा स्पीकर सगळं ऐकू येईल. पंपाची वेळ वॉचमनला विचारून कॉलशीटवर, म्हणजे दिवसाच्या वेळापत्रकाच्या कागदावर, लिहा. वर पत्रा असेल तर पावसाळ्यात तिथे संवाद रेकॉर्ड करायचा विचारही करू नका.

विजेचं गणित सोपं आहे, पण ते न केल्याने फ्यूज उडतात आणि बोर्ड वितळतात. २३० व्होल्टवर १००० वॅटचा लाइट सव्वाचार अँपिअरहून थोडा जास्त करंट घेतो. ६ अँपिअरच्या साध्या पॉइंटवर असा एकच चालतो. दुसरा लाइट १६ अँपिअरच्या, म्हणजे गिझर-एसीच्या पॉइंटवर लावा. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळलेली ठेवू नका, ती तापते.

फ्लिकरचं, म्हणजे चित्रात लाइट लुकलुकण्याचंही, आधीच बघून घ्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला २५ फ्रेम्सवर १८० अंशांचा शटर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ प्रकाश मिळतो ते ठरवणारी सेटिंग) ठेवला की एक्सपोजर १/५० सेकंद येतं आणि ट्यूबलाइट लुकलुकत नाही. २४ फ्रेम्सवर शूट करत असाल तर शटर १७२.८ अंशांवर ठेवा. स्वस्त एलईडी बल्ब मात्र तरीही दगा देतात, त्यांची टेस्ट लोकेशनवरच घ्या.

आवाजाला सर्वात जास्त जपा. चित्रातली थोडी कसर प्रेक्षक सहन करतात, न ऐकू येणारा संवाद सहन करत नाहीत. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. नेहमीचं बोलणं मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळलं पाहिजे. शून्याला टेकलं की आवाज फाटतो आणि तो नंतर नीट होत नाही. बूम (लांब काठीवरचा माइक) फ्रेमच्या कडेच्या अगदी वर, माइक नटाच्या तोंडाकडे, छातीच्या दिशेने थोडा झुकलेला. वाइड शॉटमध्ये बूम लांब जातो, तिथे कपड्यात लपवायचा छोटा लेपल माइक लावा, पण खादी किंवा कडक कॉटनखाली तो खरखरतो. कॉश्च्युम ठरवताना साउंडवाल्याला बोलवा.

पंखा, एसी, फ्रिज बंद. फ्रिज परत चालू करायची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली त्यातच ठेवा. रिकाम्या खोलीत घुमणारा आवाज चटया, रजया आणि जाड पडद्यांनी बराच आवरतो. लोकेशन सोडण्याआधी सगळं युनिट जागच्या जागी थांबवून एक मिनिट रूम टोन, म्हणजे शांत खोलीचा स्वतःचा आवाज, रेकॉर्ड करून घ्या. संवादाच्या दोन कट्समधली पोकळी त्यानेच भरली जाते. ज्या टेकवर रिक्षा गेली त्यातले संवाद तिथेच, त्याच माइकवर, कॅमेऱ्याशिवाय पुन्हा बोलून घ्या.

प्रत्येक टेकला ठरलेला क्रम पाळा: असिस्टंट ‘साउंड’ म्हणतो, रेकॉर्डिस्टचं ‘रोलिंग’ आलं की ‘कॅमेरा’, मग क्लॅप (शॉटचा नंबर लिहिलेल्या पाटीचा टाळीसारखा आवाज), मग ‘ॲक्शन’. ॲक्शनच्या आधी आणि कटच्या आधी चार-पाच सेकंद सोडा. शेवटी क्लॅप देत असाल तर पाटी उलटी धरा.

कागदपत्रं: संस्थेचं पत्र, घरमालकाची लेखी परवानगी, नटांचं संमतिपत्र. प्रसंगात रेडिओवर सिनेमातलं गाणं वाजवू नका. हक्क नसले की फेस्टिवलला पाठवताना फिल्म तिथेच अडकते.

डेटाचा हिशेब: सेकंदाला १०० मेगाबिट लिहिणारा कॅमेरा तासाला ४५ जीबी भरतो. दहा मिनिटांच्या फिल्मसाठी दीड तासाचं फुटेज धरलं तर साधारण ७० जीबी, आणि तीन प्रतींचे २१० जीबी. एकाच माणसाकडे कार्डांची जबाबदारी द्या. भरलेल्या कार्डावर लाल टेप लावा, चेकसम तपासणाऱ्या, म्हणजे प्रत मूळाशी तंतोतंत जुळते का ते बघणाऱ्या, सॉफ्टवेअरने दोन हार्ड डिस्कवर कॉपी करा, सुरुवात, मध्य आणि शेवटच्या क्लिप उघडून बघा. त्यानंतरच कार्ड फॉरमॅट करा. तिसरी प्रत त्याच रात्री दुसऱ्याच्या घरी गेली पाहिजे, एकाच बॅगेत तिन्ही डिस्क ठेवू नका.